३४ क्रॉस आणि शून्य बोंडं: आमच्या शाळेतल्या डे-लिलीची केस

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या टेबलावर तीन कुंड्या आणि एक मळकं रजिस्टर एवढंच होतं, तरी दोन-तीन शाळांचे सर थांबले आणि म्हणाले की हे भारी आहे, आपणही करू, नववीच्या पोट्ट्यांना मेंडेल, म्हणजे आनुवंशिकतेचे नियम, शिकवायच्या कामात येईल. गर्दीत नीट बोलणं झालं नाही म्हणून आता सगळं सविस्तर लिहून ठेवतो. आणि सुरुवातीलाच सांगतो, मेंडेल शिकवायला डे-लिली आणू नका, फसाल. आम्ही फसलो. तरी तीन वर्षं झाली ती झाडं आम्ही ठेवली, वाढवली, यंदाही क्रॉस करणार आहोत (क्रॉस म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावणं), आणि ते काहून हे समजायला पूर्ण केसच वाचावी लागेल.

शाळा वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातली. आठवी ते दहावी, वर्गात तीस-पस्तीस पोरं, बहुतेकांच्या घरी कपाशी नाहीतर सोयाबीन-तूर. आवारात झेंड्याच्या खांबाभोवती नारिंगी डबल फुलांची एक जुनी रांग आहे, आधीच्या कोणत्यातरी मोठ्या सरांनी लावलेली, पाणी दिलं तर ठीक, नाही दिलं तरी ठीक, मे महिन्यात पार वाळून चिपाड होते आणि पावसाचे दोन सडाके पडले की पुन्हा हिरवीगार. सगळे तिला लिलीच म्हणतात. खरी लिली नाही ती, खऱ्या लिलीला खाली खवल्यांचा कांदा असतो, हिला शतावरीसारख्या जाड मुळ्या आणि वर पंख्यासारखी पानं. नाव हेमेरोकॅलिस, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एका दिवसाचं सौंदर्य, कारण फूल सकाळी उमलतं ते अंधार पडेपर्यंत संपतं, दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावरची दुसरी कळी. मूळची चीन-जपान-कोरियाकडची. हल्ली वनस्पतिशास्त्रवाले तिला कोरफडीच्या कुळात टाकतात, हे वर्गात सांगितलं की एकही पोरगं विश्वास ठेवत नाही. चिनी लोक तिच्या कळ्या वाळवून रश्शात घालतात असं सांगितलं तर मागून लगेच आलं, "मंग आपन भाजी करू ना सर", त्यावर तिथंच बंदी घातली, नर्सरीतल्या झाडावर काय फवारलंय कोणाला माहीत. आणि घरी मांजर असेल तर हे झाड कुंपणाबाहेरच ठेवा, मांजरानं पान किंवा फूल चघळलं तर किडनी निकामी होते, हे गमतीत घेऊ नका.

मला स्वतःला नाद लागला तो २०२१ मध्ये. नागपूरच्या एका नर्सरीतून तीन कुंड्या आणल्या, एक छोटी पिवळी, एक मोठ्या फुलाची पीच रंगाची, आणि एक गडद लाल, घशात पिवळी. पहिली चूक तिथंच. मी विचारलं की या एकमेकींत क्रॉस होतात का, तर विकणारा म्हणाला हो हो सगळ्या होतात, आणि मी विज्ञानाचा शिक्षक असून ते ऐकून घरी आलो. दुसरी चूक जमिनीची. आमची काळी भारी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चिखल, सरळ जमिनीत लावल्या तर पहिल्याच ऑगस्टात पिवळीचा अर्धा गड्डा सडला, पान ओढलं की हातात यायचं आणि घाण वास. मग वीतभर उंच गादीवाफा, शेणखत, नाल्याची रेती, आणि एप्रिलपासून वर पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांचा मांडव. तेव्हापासून मुळं सडली नाहीत. थंड देशातल्या ज्या जाती हिवाळ्यात पूर्ण झोपतात त्या आपल्याकडे हळूहळू खंगत जातात, बारा महिने हिरवी राहणारी जात बघूनच घ्या, दुकानदाराला नाव येत नसेल तर जानेवारीत जा आणि जिला हिरवी पानं आहेत ती उचला.

आता मूळ केस. फेब्रुवारी २०२३, वर्ग आठवा. फुलाचे भाग शिकवायचे होते. आपण दरवर्षी जास्वंद आणतो, पण जास्वंदीत सगळे पुंकेसर एकाच नळीला चिकटलेले आणि पोरं गोंधळतात. डे-लिलीचं फूल हातभर अंतरावरूनसुद्धा समजतं. बाहेर तीन, आत तीन अशा सहा पाकळ्यांसारख्या पट्ट्या, सहा पुंकेसर वेगवेगळे, आणि त्यांच्या मधून पुढं आलेली एक बारीक लांब काडी, तिचं टोक जरा वर वळलेलं, ते टोक म्हणजे कुक्षी. सकाळी ऊन अंगावर आलं की परागकोश फुटतात आणि पिवळी-नारिंगी भुकटी बाहेर येते, बोटाला लागते, गणवेशाला लागली की निघत नाही. एक पुंकेसर चिमटीत धरायचं आणि दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर घासायचं, झालं परागण. एवढं सोपं काम आहे म्हणूनच हे झाड जगभर हौशी लोकांच्या हाती गेलं. याचा पहिला नावाजलेला संकर करणारे जॉर्ज येल्ड हे इंग्लंडमधल्या यॉर्कचे शाळामास्तर होते, १८९० च्या दशकातली गोष्ट, आणि हे मी वर्गात जरा जास्तच कौतुकानं सांगितलं असेन. आज नोंदवलेल्या जाती एक लाखाच्या आसपास आहेत आणि त्यातल्या कितीतरी मागच्या अंगणात झालेल्या.

पोरं नऊ वाजताच यायला लागली. नारिंगी आणि पिवळी एकदम फुलावर, पीचसुद्धा, लाल मात्र मागं होती, तिला दांडाच आला नव्हता. मी एक रजिस्टर केलं, शंभर पानी, रकाने आखले: तारीख, आई, बाप, कोणी केलं, काय झालं. प्रत्येक फुलाच्या देठाला मार्करनं लिहिलेलं प्लास्टिकचं लेबल. बारा-तेरा दिवसांत ३४ क्रॉस झाले. त्यात २२ मध्ये नारिंगी एका बाजूला होतीच, कारण तीच जास्त होती आणि तिच्यावर कोणाचा जीव नव्हता, बाकी १२ पिवळी आणि पीच यांच्यातले.

क्रॉस धरला की फूल गळून जातं आणि देठावर हरभऱ्याएवढी हिरवी गाठ राहते, ती वाढत जाते. आमची पोरं कपाशीवाली, त्यांनी तिला पहिल्या दिवसापासून बोंडच म्हटलं, मीसुद्धा मग तेच म्हणायला लागलो. नाही धरला तर पाच-सहा दिवसांत देठासकट सांध्यातून टपकन गळतं.

३४ पैकी ३४ गळाले.

एखाददुसरं राहीन असं वाटत होतं, पण नाही. वर्गात तोंडं उतरली. कोणी म्हणे ऊन लागलं, कोणी म्हणे सरांनी लेबलं घट्ट बांधली, एक जण हळूच बोलला की आपल्या शाळेत काहीच होत नसते. मी म्हटलं तापमान, हवा कोरडी, काहीतरी बोलून वेळ मारून नेली, कारण मलाच माहीत नव्हतं. त्या वेळी मागच्या बाकावरचा एक पोट्टा, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, "सर, माह्यं घर शाळेच्या भितीले लागून हाय. मी लहानपनापासून पाहून राह्यलो, त्या खांबाजवळच्या लिलीले कधी बोंड लागलंच नाही. माशा बसते, फुलपाखरं बसते, पन बोंड नाही."

हे वाक्य मी रजिस्टरात त्याच्याच शब्दात लिहून ठेवलं आहे. कारण घरी जाऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की हाच प्रश्न घेऊन एका माणसानं आयुष्य काढलं. आर्लो स्टाऊट, न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचे शास्त्रज्ञ. लहानपणी आईच्या अंगणातल्या नारिंगी डे-लिलीला बी काहून धरत नाही हे त्यांना कोडं पडलं होतं, पुढं त्यांनी याच झाडांच्या वंध्यत्वावर काम केलं, हजारो क्रॉस केले आणि १९३४ मध्ये डे-लिलीवर पुस्तक काढलं. तर कारण असं, की ही अंगणातली नारिंगी बहुतेक ठिकाणी ट्रिप्लॉइड असते. साध्या डे-लिलीत गुणसूत्रं २२, म्हणजे ११ चे दोन संच. हिच्यात ११ चे तीन, एकूण ३३. परागकण किंवा अंडपेशी बनताना गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे पडावे लागतात, आणि इथं वाटाच पडत नाही. वर्गात मी ३३ गोट्या टेबलावर टाकल्या आणि दोन भावांना सारख्या वाटायला लावल्या. "एक फोडा लागन सर." बस, तेच. केळीत बी का नसते हे त्याच तासाला सांगून टाकलं, खायची केळीसुद्धा बहुतेक ट्रिप्लॉइडच, म्हणून आपण मुनवे लावतो, बी लावत नाही, आणि खांबाजवळची रांग पण अशीच मुनव्यांनी पसरलेली, म्हणजे सगळी मिळून एकच झाड.

पोरांचा यावर विश्वास बसला तो सूक्ष्मदर्शकामुळं. आमच्या लॅबमधला सूक्ष्मदर्शक कपाटात धूळ खात होता, आरसा पुसला, दोन काचपट्ट्या केल्या, एकीवर पिवळीचे परागकण, दुसरीवर नारिंगीचे. पिवळीचे कण लांबट, टपोरे, सगळे एका मापाचे. नारिंगीचे काही बरे, पण कितीतरी आक्रसलेले, सुरकुतलेले, लहानमोठे. एका पोरीनं डोळा न काढता सांगितलं, "पोचट हाय सर. तुरीचे पोचट दाने असते ना, तसे." मी गुणसूत्रांवर जो अर्धा तास बोललो तो एका शब्दात आटपला. पाखडताना जे सुपातून उडून जातं ते पोचट, हे विदर्भातल्या कोणत्याही पोराला सांगावं लागत नाही.

राहिले ते १२, पिवळी आणि पीच. तिथं दोन्ही झाडं चांगली पण जात जुळत नव्हती. पीच टेट्राप्लॉइड निघाली, म्हणजे ११ चे चार संच, गुणसूत्रं ४४. तिचे परागकणही काचपट्टीवर पिवळीपेक्षा ठळक मोठे दिसले. २२ वालीचा अर्धा ११, ४४ वालीचा अर्धा २२, बेरीज पुन्हा ३३, आणि असं बी बहुधा धरतच नाही, धरलं तरी आत काही नसतं. ही ४४ वाली झाडं माणसानं केलेली, कोल्चिसिन नावाचं रसायन लावून, ते पेशी विभागताना गुणसूत्रं वेगळी होऊ देत नाही म्हणून ती दुप्पट होतात. अमेरिकेत ऑर्व्हिल फे आणि रॉबर्ट ग्रीझबाख यांनी १९६१ मध्ये अशी रोपं लोकांपुढं आणली आणि नंतर सगळा बाजार तिकडं वळला. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं, कुंपणावर पावसाळ्यात लाल-पिवळी फुलं येतात तीच कळलावी, जबर विषारी, तर "आपन कळलावीचा रस लावून पाहू का" या प्रश्नाला माझं उत्तर कडक नाही होतं आणि तुमचंही तेच असू द्या.

म्हणजे ३४ क्रॉस पहिल्या दिवसापासूनच वाया जाणार होते आणि ते मला माहीत असायला पाहिजे होतं. पण एक गोष्ट झाली. रजिस्टरात अपयश नीट लिहिलेलं होतं म्हणून कारण सापडल्यावर मागं जाऊन ३४ च्या ३४ ओळी दोन ढिगांत टाकता आल्या, एकही ओळ बाहेर राहिली नाही. पोरांनी स्वतः टिकमार्क केले. मी वीस वर्षं प्रयोगवही तपासून राहिलो, कधीच कोणी "आले नाही" असं लिहिलेलं पाहिलं नव्हतं, सगळ्यांचं सगळं येतं, कारण न येण्याचे मार्क कटतात.

२०२४, तीच पोरं नववीत. पुस्तकात आनुवंशिकतेचा धडा, मेंडेल, वाटाणा, उंच आणि बुटका. या वेळी पिवळी आणि लाल, दोन्ही २२ वाल्या, दोन्ही बाजूंनी क्रॉस करायचे, म्हणजे एकदा पिवळी आई आणि एकदा लाल आई. शिवाय पिवळीवर पिवळीचेच पराग, तुलनेसाठी.

आणि इथं आजी आली. एका पोरीची आजी, तिला डबा द्यायला आली होती आणि आम्ही अकराच्या उन्हात उमललेल्या फुलांशी खटपट करताना उभं राहून बघत होती. मग म्हणाली, "गुर्जी, हे असं काय करून राह्यले तुमी? उमलल्यावर? आधीच माशी बसून गेली असन तं?"

मी विचारलं, "आजी, तुम्ही केलंय का हे काम?"

"केलंय का म्हंता! कपाशीच्या बियान्याच्या प्लॉटवर चार हंगाम केलं. सांजच्याले कळी खोलाची, पिवळं पिवळं सारं नखानं काढाचं, मधली काडी तुटली नाही पायजे, वरून कागदाची पुडी. सकाळी दहाच्या आत नराचं फूल घासाचं अन् धागा बांधाचा. धागा नाही तं मजुरी नाही."

धागा नाही तर मजुरी नाही. मी हे कुठल्याच पुस्तकात इतक्या थोडक्यात वाचलं नव्हतं. कपाशीचा जगातला पहिला व्यापारी संकर आपल्याच देशातला, एच-४, १९७० मध्ये सुरतच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी काढलेला, आणि तो वावरात पोचला तो अशा बायांच्या नखांवर, कारण एकेक बोंड हातानंच करावं लागायचं. मी आजींना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला बोलावलं. त्यांनी उद्या उमलणारी कळी कशी ओळखायची ते दाखवलं, डे-लिली त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली होती तरी फुगलेली, रंग चढलेली, टोक किंचित सैल झालेली कळी त्यांनी बरोबर उचलली. अंगठ्याच्या नखानं शिवण उघडली, सहाच्या सहा परागकोश एकेक करून देठावरून टिचकीनं काढले, काडीला धक्का नाही. सगळं मिळून अर्धा मिनिट. मग पोरांनी केलं, पहिल्या दिवशी नऊ काड्या मोडल्या. पुडीच्या ऐवजी आम्ही कुक्षीच्या टोकावर चॉकलेटची चांदी गुंडाळून टोपी केली, सकाळी काढायची, पराग लावायचे, पुन्हा टोपी.

खरं सांगायचं तर घरच्या हौशीला एवढं करायची गरज नसते, डे-लिलीची काडी परागकोशांपासून लांब असते आणि सकाळी लवकर पराग लावले तर काम भागतं. पण वर्गासाठी हे पाहिजेच, नाहीतर बाप कोण याची खात्री कशी देणार. आणि आजींनी बांधायला लावलेले रंगीत धागे, पिवळी आई तर पिवळा, लाल आई तर लाल, ते शेवटी लेबलांपेक्षा जास्त टिकले. मार्करचं लिहिलेलं मागच्या वर्षी तीन आठवड्यांत उन्हानं उडालं होतं, या वर्षी ठंड्याच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्यानं कोरलं. कडा हाताला लागतात, दुमडून घ्या.

लेबल लिहायची जगभरची रीत म्हणजे आधी आई, मग गुणिलेचं चिन्ह, मग बाप. यावरून वर्गात वाद. "सर, पहिले मायचं नाव काहून?" कारण बोंड तिच्या अंगावर वाढते, म्हटलं, ती कोण हे डोळ्यानं दिसतं, बाप लिहून ठेवावा लागतो. त्याच वर्षी १ मेपासून सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लिहायचा नियम लागू झाला, तेव्हा एका पोरीनं सांगितलं की सरकारनं आपलं रजिस्टर पाहिलं वाटते.

हिशेब असा. २७ क्रॉस, त्यात पिवळीवर पिवळी ६, ते सगळे गळाले (बऱ्याच डे-लिली स्वतःचे पराग स्वीकारतच नाहीत, स्टाऊट यांचा मूळ अभ्यास याच गोष्टीवर होता). उरलेल्या २१ मधून ८ बोंडं धरली. बोंड पिकायला साधारण ५० ते ६० दिवस लागतात, म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला क्रॉस एप्रिलच्या शेवटाला. हे गणित विदर्भात जीवनमरणाचं आहे. मार्चात दुपार ३५ च्या वर गेली की नवीन क्रॉस धरायचे बंद होतात, आम्ही १० मार्चनंतर केलेलं एकही धरलं नाही. आणि उशिराचं बोंड मे महिन्यात सापडलं तर झाडावरच सुकतं, वरून सुट्ट्या. आठांतली पाच बोंडं पिकली. बोंड तपकिरी होऊन टोकाला फाटायला लागलं की लगेच काढायचं, एक दिवस उशीर झाला तर बी मातीत. आत तीन कप्पे, काळं कुळकुळीत चमकदार बी, मिऱ्याएवढं. एकूण ३८ बिया निघाल्या, मोजताना शांतता अशी की इन्स्पेक्शनला पण नसते.

सुट्टीत बी ठेवायचं कुठं? ओलसर कपड्यात गुंडाळून काही आठवडे थंडीत ठेवलं तर एकसारखं उगवतं, पण शाळेत फ्रिज नाही. चौकातल्या किराणावाल्या भाऊंच्या ठंड्याच्या फ्रिजमध्ये, बाटल्यांच्या मागं, पिशवीवर "खाऊ नये, शाळेचे बी" असं लिहून ठेवलं. वर्धेकडं जूनमध्ये लाईट किती वेळ राहते ते माहीत आहेच. तरी जुलैत पेरल्यावर दोन-तीन आठवड्यांत २३ उगवल्या.

आणि मग १५ ऑगस्ट. डे-लिलीचं रोप महिनाभर हुबेहूब गवत दिसतं. आम्ही ग्लासातून वाफ्यात लावून चारच दिवस झाले होते, आणि झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी श्रमदानात दुसऱ्या वर्गाच्या पोरांनी आवार चकाचक केलं. इतकं मन लावून की आमचा वाफाही. मी दुपारी आलो तर उकिरड्यावर उपटलेल्या गवताचा ढीग आणि त्यात बसून दोन पोरी एकेक पातं पाहून राहिल्या होत्या, बुडाशी काळ्या बियाचं टरफल चिकटलेलं असेल ते आपलं. नऊ सापडली. सात जगली. कोणाला रागावणार, वाफ्याभोवती दोरी मी बांधली नव्हती.

आता मेंडेलचं. पोरांनी अंदाज बांधून ठेवले होते, लाल प्रभावी, म्हणून पहिल्या पिढीत सगळी लाल, मग दुसऱ्या पिढीत तीन लाल, एक पिवळं, म्हणजे ३:१. तसं होत नाही. मेंडेलनं वाटाणा निवडला, आधी दोन वर्षं त्याचे वाण शुद्ध आहेत की नाहीत ते तपासलं, मग हात घातला. डे-लिली म्हणजे आधीच शंभर वर्षांची खिचडी, पिवळीच्या पोटात काय काय दडलंय ते तिलाच माहीत, म्हणून एकाच बोंडातली दोन बियासुद्धा वेगळी निघतात. रंगही एका जीनचा खेळ नाही. तळाशी कॅरोटिनॉइडचा पिवळा आणि त्यावर अँथोसायनिनचा लाल, जसं पिवळ्या भिंतीवर लाल रंगाचा एक हात मारला, हात पातळ पडला तर विटकरी, कुठं पडला कुठं नाही तर मधेच डोळ्यासारखा गडद पट्टा. निळी डे-लिली तर अजून कोणालाच जमलेली नाही. ज्यांना गुणोत्तर दाखवायचं आहे त्यांनी सरळ गुलबास लावा. गावात उकिरड्यावर उगवतो, पेरल्यापासून दोन-तीन महिन्यांत फूल, आणि कार्ल कॉरेन्सनं त्याच्यावरच लाल × पांढरा = गुलाबी आणि पुढच्या पिढीत १:२:१ दाखवलं होतं, आठवीत लावलं तर नववीत हिशेब पूर्ण. डे-लिलीत पोरगं शाळा सोडून जातं तरी झाड फुलावर येत नाही, साधारण दीड-दोन वर्षं धरून चला.

मग ठेवली काहून? रजिस्टरसाठी. २०२३ च्या आठवीनं लिहिलेलं आता २०२५ ची आठवी वाचते, न पाहिलेल्या ताई-दादांच्या चुका पाहून हसते, आणि क्रॉस करायच्या आधी काचपट्टी करून पराग पाहते, हे मी शिकवलेलं नाही, पान १४ वर लिहिलेलं आहे. गुलबासाच्या प्रयोगाला वही लागते पण ती एका वर्षात संपते. इथं जो लिहितो त्याला फूल दिसत नाही आणि ज्याला फूल दिसतं त्यानं क्रॉस केलेला नसतो, त्यामुळं अक्षर वाचता येईल असं लिहावंच लागतं.

एका गोष्टीवर पोरांचं आणि माझं जमलं नाही. मोठे हौशी लोक शेकडो रोपं वाढवतात आणि पहिलं फूल पाहून बहुतेक सगळी फेकतात, चिखलट रंग, वाकडा दांडा, चालले उकिरड्यावर. मी म्हटलं आपणही तसंच करू, जागा कमी आहे. एकानंही होकार दिला नाही. उकिरड्यावरून शोधून आणलेली रोपं, परत उकिरड्यावर?

सात रोपांपैकी एक घाईचं निघालं, आठ महिन्यांतच दांडा आला. मार्च २०२५, दहावीचे पेपर चालू. पत्र्यावर कोरलेलं: पि × ला, ७. म्हणजे पिवळी आई, लाल बाप, सातवा क्रॉस, आजीच्याच नातीनं केलेला, ती आता दहावीत आणि तिचं सेंटर दुसऱ्या गावात. फूल सकाळी साडेसहाला उमललं. मी तिच्या घरी फोन केला तर ती निघून गेली होती. आठवीची पोरं पाहून गेली, खिचडीवाल्या बाई पाहून गेल्या, दहा वाजता ऊन चढलं तसं मी वर छत्री बांधली. ती ऑटोनं परत आली तेव्हा तीन वाजले होते, पॅड आणि हॉल तिकीट हातातच. फुलाच्या कडा गुंडाळायला लागल्या होत्या. रंग धड लाल नाही, धड पिवळा नाही, घसा तेवढा हिरवट-पिवळा आणि स्वच्छ.

ती उकिडवी बसली, खालून वरून पाहिलं, पत्रा उलटवून नंबर पाहिला, धाग्याला हात लावला. म्हणाली, "सर, हे तं वाळल्या पळसावानी झालं."

"हो."

"अजून दोन कळ्या हाय."

"हाय."

मग तिनं रजिस्टर मागितलं, पेपरचाच पेन उघडला आणि सातव्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, जिथं गेलं वर्षभर रिकामं होतं, तिथं लिहिलं: रंग खास नाही. ठेवा.